हॉलवर्डच्या मापाची स्की

"ही घेऊ का?" हॉलवर्डने दुकानातल्या सगळ्यात रुंद, जड स्कीवर हात ठेवला.

गुनवोरने माझ्याकडे बघितलं. "ओडवार सांगेल ती घ्यायची. तीस वर्षं तो हेच करतोय."

त्यातली शेवटची सहा वर्षं, म्हणजे तिचा नवरा गेल्यापासून, दर ईस्टरला मी तिच्या स्कीला मेण लावून द्यायचो आणि आम्ही दोघं टेकड्यांपलीकडच्या तिच्या लाकडी झोपडीपर्यंत जायचो. विचारायचं तेवढं राहून गेलं. आणि हा बर्गनचा पाहुणा, जिथे हिवाळाभर नुसता पाऊस पडतो तिथला, चार महिन्यांत घरातलाच होऊन बसला. माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला बोलू?

तरी काम ते काम. मी त्याला समजावलं, की ही रुंद स्की उंच कड्यांवरून उतरणाऱ्यांची. आपल्याकडे बुटक्या टेकड्या, चढ संपला की उतार, उतार संपला की चढ. इथे लांब, अरुंद, हलकी स्की हवी आणि घोट्यात वाकणारा मऊ बूट.

मग सपाट फळीवर स्की ठेवून त्याला तिच्यावर उभं केलं आणि स्कीच्या मधल्या कमानीखालून कागद सरकवला. एका पायावर सगळा भार दिला की ती कमान दबून कागद अडकला पाहिजे. नाही अडकला तर स्की त्या माणसाला कडक. चढावर पकड घेत नाही, माणूस मागे घसरतो.

त्याने एका पायावर भार दिला. कागद सरळ आरपार निघून गेला.

"अगदी मापाची आहे," मी म्हणालो.

"तू म्हणतोस म्हणजे झालं," गुनवोर म्हणाली. तिने दुसरी जोडी बघितलीसुद्धा नाही.

ईस्टरच्या शनिवारी मी एकटाच निघालो. पहिल्याच टेकडीवर ते दोघं दिसले. हॉलवर्ड दोन पावलं चढायचा, दीड पाऊल मागे यायचा. म्हटलं, बरी जिरली. जवळ गेलो तर गुनवोर त्याच्या मागे उभी, दोन्ही हात त्याच्या पाठीला लावून त्याला वर ढकलतेय, आणि दोघांची हसून हसून मुरकुंडी वळलेली. सहा वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

"ओडवार, याला काही म्हणता काही येत नाही रे," ती म्हणाली. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "तू हो पुढे. तू कुठला घसरतोस."

मी पुढे झालो. सबंध चढावर माझी स्की एकदाही मागे सरकली नाही. माझ्या पाठीला कुणी हात लावायची कधी गरजच पडली नव्हती.