पारव्यांच्या झऱ्याचं मीठ

"मीठ, दोन पोती. पारव्यांच्या झऱ्यावर. आतिलानोच्या हाती."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी हनुवटी दुकानाच्या फळीलाही लागत नव्हती. काकवीची बरणी घेऊन मी उभी असायची आणि दुकानाचे मालक पेर्फेक्तो ओल्गीन वहीत लिहिता लिहिता ओळ न् ओळ मोठ्याने म्हणायचे, जणू वहीला कमी ऐकू येतं. मेंढ्या त्यांच्या, राखणारे गावातले. वर्षाकाठी कोकरांतला वाटा दुकानाकडे यायचा आणि दुकानातून पीठ, मीठ, कॉफी माळावर जायची. पुढे मी त्यांची सून झाले, लिबोरिओची बायको. पण तोवर त्या वह्या जळून गेल्या होत्या.

निदान गाव तसंच धरून चाललं होतं. दुकानाला आग लागली तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा लिबोरिओ आत धावला आणि कॉफीचं पोतं घेऊन बाहेर आला. सासरे मरेपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "बापाचं आयुष्य जळत होतं आणि चिरंजीवांना कॉफीची तल्लफ आली." लिबोरिओ हसायचा. उलट कधी बोलला नाही.

सासरे गेल्यावर काही वर्षांनी, पानगळीच्या दिवसांत, तिथला माळ विकत घेतलेल्या कंपनीने पारव्यांच्या झऱ्याभोवती तारेचं कुंपण घातलं. डोंगरावर बर्फ पडलं की आमच्या मेंढ्यांना तेवढंच पाणी, तेवढंच गवत. न्यायाधीश म्हणाले, कंपनीच्या खरेदीआधीपासून तुमचे कळप तिथे हिवाळा काढत होते हे दाखवा. म्हातारा मेंढपाळ आतिलानो शपथ घ्यायला पुढे झाला. "आजोबा, तुमची आठवण चांगली आहे," न्यायाधीश म्हणाले, "पण त्यांच्याकडे कागद आहे. तुम्हीही कागदच आणा."

कागद कुठून आणायचा? झरा गेला तर बर्फाआधी मेंढ्या विकायच्या, मिळेल त्याला. लिबोरिओ माळ्यावरच्या पेट्या उपसत राहिला. ताटातलं मटण तसंच गार व्हायचं. बहिणीला, वेवाला, त्याने दोनदा विचारलं, "जुनं काही, एखादं पान?" ती कात्री चालवत म्हणाली, "माझ्याकडे कुठून येणार?"

वेवा गावची शिंपीण. लग्न केलं नाही, भावाच्या अंगणापलीकडे दोन खोल्यांत राहायची. माझ्या रोसेंदाची ती धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. रोसेंदाच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा दिवस जवळ आला होता. पांढरा झगा बेतायचा होता. मी माप द्यायला पोरीला घेऊन गेले.

"कोमाद्रे, ते बाहीचं तेवढं दे," वेवा म्हणाली, तोंडात टाचण्या धरून.

मी खुंटीवरचा बाहीचा बेत, कापडावर ठेवून कापायचा नमुना, काढला. पिवळा पडलेला, टाचण्यांनी चाळण झालेला कागद. खिडकीपाशी धरला आणि दंडाच्या गोलाईवर मला अक्षर दिसलं. *मीठ, दोन पोती. पारव्यांच्या झऱ्यावर.* खाली मनगटाशी आतिलानोचं नाव, अर्धं कापलेलं.

कानात तो आवाज भरला. मी कागद तिच्यापुढे धरला. वेवाने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या.

"शिवण शिकत होते गं," ती म्हणाली. "बेतायला जाड कागद या माळावर दुसरा कुठे होता? संपलेल्या वर्षांच्या वह्या वरच्या फळीवर पडून असायच्या. वाटलं, मेलेलं वर्ष कोण उघडून बघतंय."

"आणि आता? तो तिकडे अन्न सोडून बसलाय."

"चिंध्या झालेली वही कोण मानणार? आणि लिबोला कोणत्या तोंडाने सांगू? जन्मभर टोमणे त्याने खाल्ले."

मी पोरीला बापाला बोलवायला पाठवलं. वेवाने अडवलं नाही. तिने पेटी ओढली आणि सगळे बेत जमिनीवर ओतले: गळे, बाह्या, पाठी, खळ लावून जोडलेले घेर.

लिबोरिओ दारात आला, बघत राहिला. मग चर्चमध्ये काढावी तशी टोपी काढून खाली बसला आणि कागद जुळवायला लागला. तासाभरात अर्धं गाव खोलीत. बायकांना आपापली मापं ओळखू यायला लागली.

"ही पाठ कुणाची म्हणायची? अख्खा डिसेंबर मावलाय."

"फिलोमेनाबाईंची. लग्नाआधीची."

"लग्नानंतर जानेवारीपण बसला असता."

फिलोमेनाबाई स्वतःच हसून हसून भिंतीला टेकल्या आणि ठेक्यात म्हणाल्या:

"बाहीत मीठ, घेरात पीठ,
गळ्यात कॉफी काळी गं,
बर्फात कळप कुठे निजला
सांगते माझी चोळी गं."

पीठ कालवून आम्ही तुकडे चादरीवर चिकटवले. हिवाळ्यामागून हिवाळा उभा राहिला. मधे काखेच्या, गळ्याच्या जागी भोकं, पण वर तारखा शाबूत.

न्यायालयात चादर उलगडली तेव्हा कंपनीच्या वकिलाने नाक मुरडलं. "महाराज, हा तर बाईचा झगा आहे."

न्यायाधीशांनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं. एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर बोट नेलं. आतिलानोला विचारलं, त्याने झऱ्यावर नेलेलं मीठ ओळीने सांगितलं आणि प्रत्येक वेळी ते चादरीवर सापडलं. "झगा आहे खरा," न्यायाधीश वकिलाला म्हणाले, "पण तुमच्या कागदापेक्षा वयाने वडील आहे. कुंपणाला दार ठेवा, आणि ते उघडं ठेवा."

 परत येताना गाडीत आतिलानो मेंढ्यांना हाक घालतात तशी शीळ घालत होता. माझ्या छातीवरून कुणीतरी ओली लोकर उचलून घेतल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी मी लाल मिरचीचं मटण केलं. लिबोरिओने दोनदा मागून घेतलं. वेवा ताटाला हात लावेना.

"लिबो, मला रागाव तरी," ती शेवटी म्हणाली.

त्याने भाकरीने ताट पुसलं. तुकडा तोंडात न घालता हातातच धरून राहिला.

"मी वह्या आणायलाच आत गेलो होतो, वेवा. वरची फळी रिकामी होती. तुझ्या टेबलाखालची कात्रणं मी आदल्याच आठवड्यात पाहिली होती. आग लागल्यावर भीतीने तू उरलंसुरलं चुलीत घातलं असशील, असंच इतकी वर्षं धरून चाललो. बाहेर येताना पोतं हाताला लागलं, ते उचललं. टोमणे मारणाऱ्या तातासमोर तुझं नाव घ्यायला जीभ वळली नाही."