देव्हाऱ्यामागची भिंत

मी देव्हारा बोलतोय. देव नव्हे, नुसता देव्हारा. तेव्हा नवस माझ्याजवळ बोलू नका. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तिच्यात पहिला गुन्हा माझाच आहे.

कराडच्या अर्जुना सुतारानं मला सागवानाचा घडवला, तो दादासो नावाच्या व्यापाऱ्यासाठी. त्यांच्या घरी मी पूर्वेच्या भिंतीवर मजेत होतो. मग सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला आणि पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आकाराम गवंड्यानं भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवली आणि तिच्या कडेच्या ओल्या सिमेंटात खिळ्यानं तारीख कोरली. भेग वाढत असली की अशी काच तडकते. चार महिन्यांत ती तडकली.

"दादासो, भीत उतरून नवी बांधा. ही ऱ्हायची न्हाई," आकाराम म्हणाला.

दादासोंनी भिंत ठेवली आणि मला उतरवलं. भेगेवर वरखाली गिलावा फिरवला. मधे तो धरेना, तिथं मला ठोकलं. काच खरवडून काढायचा मात्र आळस केला. रोज माझ्यापुढं हात जोडणारा हा गृहस्थ! मला फार लाज वाटली, पण लाकडाला बोलता कुठं येतं?

सहा वर्षांनी त्यांनी घर विकायला काढलं. पलटणीतून पेन्शनीवर आलेले हवालदार कृष्णात आणि त्यांच्या लीलाबाई बघायला आले. कृष्णातांनी काठीनं भिंती ठोकल्या, वासे तपासले, आडाचं पाणी चाखलं. माझ्यापुढं मात्र त्यांनी चपला काढल्या आणि डोकं टेकवलं. दुसऱ्याच्या देवांना हात लावून मागं बघायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तिथंच फसले बिचारे!

निघताना दादासोंनी ताटात देव घेतले, मला ठेवलं. "जागा लाभाची हाय. देव्हारा हलवू नगासा," असंही वर सांगितलं. लीलाबाईंना कोण आनंद झाला! नवरा पलटणीत आणि त्या सासरच्या एका खोलीत, अशी त्यांची वीस वर्षं गेली होती. हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर.

दुसऱ्या पावसाळ्यात देवांवर माती पडू लागली. देव कोपला म्हणून लीलाबाईंनी सोमवार धरले. मग एका संध्याकाळी दार-खिडक्या बंद असताना निरांजनाची ज्योत पुढं झुकली.

"आवं, हिकडं या! वारं देवाच्या मागनं येतंय!"

कृष्णातांनी मला खाली उतरवलं. भेगेत त्यांची चार बोटं गेली. कडेला तडकलेली काच आणि ती तारीख. लीलाबाईंनीही भेगेत हात घालून बघितला. लेक सुरेखा पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि तिची बाज याच भिंतीला लागणार होती.

कृष्णात दादासोंकडे गेले. "खरेदीखतात लिवलंय, घर बघून पसंत केलं. आता काय?" असं म्हणून दादासोंनी त्यांना वाटेला लावलं.

मग ते सांगलीचे जिनदत्त वकील गाठून आले. वकील स्वतः येऊन भिंतीपुढं उभे राहिले.

"हवालदार, उघड दिसणारा दोष घेणाऱ्यानं बघायचा. झाकलेला दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. खरेदी रद्द मागता येईल, नाहीतर घर ठेवून भरपाई मागता येईल. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा. आधी नोटीस देऊ. पाहणी होईतो भिंतीला टेकू द्या, पण भेग बुजवू नका."

"घर सोडायचं न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "मला भीत पायजे."

नोटिशीला उत्तर आलं नाही. दावा लागला, कोर्टानं पाहणीला कमिशनर नेमला. गावात अशी काच बसवणारा गवंडी आकारामच, तेव्हा आता सगळं त्याच्यावर होतं आणि तो दादासोंच्याच कामांवर जगत होता. लीलाबाई त्याच्या दारी गेल्या. काय बोलल्या, ते परत येऊन त्यांनीच माझ्यासमोर सांगितलं: "म्हटलं, आकारामदादा, माजी लेक त्या भितीखाली निजवू का? तुमीच सांगा."

पाहणीच्या दिवशी आकाराम आला. दादासोंकडे न बघता म्हणाला, "तारीख माज्या हातची हाय, सायेब. भीत उतरा म्हणून मी यास्नी तवाच सांगितलंतं."

मला वाटलं, हा माणूस माझंही बोलणं बोलला.

दादासो तडजोडीला तयार झाले. पुढच्या तारखेला कोर्टासमोर ठरलं: भिंत दादासोंनी स्वखर्चानं पायापासून बांधून द्यायची. ती आकारामनंच बांधली. सुरेखाला मुलगी झाली. बाळंतिणीची बाज त्या नव्या भिंतीलाच लागली.

मला लीलाबाई टाकून देतील अशी भीती होती. पण त्यांनी अर्जुनाला बोलावून मला लोखंडी बिजागऱ्या लावल्या. आता मी दारासारखा उघडतो. दर सणाला देव ताटात घेऊन त्या मला बाजूला करतात, भिंतीवरून तळहात फिरवतात आणि मगच पूजा करतात.

घर घेणाऱ्यांनो, देवाला हात जरूर जोडा. पण देव्हारा थोडा बाजूला करायला सांगा. देव रागावत नाही, मी त्याच्या शेजारी राहतो, मला माहीत आहे. संध्याकाळ झाली. लीलाबाईंनी निरांजन लावलंय आणि ज्योत सरळ उभी आहे.