खाडीच्या तळाचा घास

मी गाळ उचलणारा जबडा बोलतोय. दोराला बांधून मला खाडीत सोडतात. तळ लागला की माझे दोन्ही पोलादी ओठ मिटतात आणि तोंडभर गाळ घेऊन मी वर येतो. कधी ओठांत शिंपला अडकतो, गाळ वाटेतच गळून जातो. मग पुन्हा बुडी!

वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला आणि मी प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हाती पडलो. बाई मोठ्या काटेकोर. प्रत्येक खेपेनंतर मला घासून धुणार, वर द्रावकानं विसळणार. एका जागेचा कण दुसऱ्या जागी गेला, तर सगळंच मुसळ केरात!

त्या वर्षी खाडीच्या तळाचं गवत पिवळं पडून मरू लागलं. त्यात लपणारी माशांची पिल्लं दिसेनाशी झाली. संशय काठच्या बागांतल्या तणनाशकावर होता. पाण्याच्या बाटल्या तपासल्या, तर ते असून नसल्यासारखं.

"पाणी वाहून जातं," बाई नावाड्याला म्हणाल्या, "तळ मात्र धरून ठेवतो. गाळ काढू या."

मी ठिकठिकाणी बुडालो. गाळात तणनाशक निघालं. अगदी अंशभर, पण एका ओढ्याच्या मुखाकडे जावं तसं वाढत जाणारं. त्या ओढ्याकाठी बाईंच्याच वडिलांची फळबाग होती. धाकटा भाऊ ती सांभाळायचा, तणनाशकही तोच फवारायचा. बाईंनी पुन्हा नमुने घेतले. तेच उत्तर आलं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा घासून धुतलं.

भाऊ धक्क्यावर आला. "ताई, घरच्याच माणसावर उठलीस?"

"तुझ्यावर नाही रे. जे सापडलं ते सांगतेय."

"लोक मलाच बोल लावतील."

"आपल्याला म्हण. बाग माझीही आहे."

बागायतदारांच्या सभेत बाईंनी सारं सांगितलं, आणि सुरुवात स्वतःच्या बागेपासून केली. भाऊ कितीतरी महिने बोलला नाही. पण ओढ्याकाठचा पट्टा त्यानं फवारणीविना सोडला. तिथं कमरेएवढं तण माजलं. शेजारी आधी हसले, मग दोघातिघांनी तसंच केलं.

गाळातलं प्रमाण हळूहळू उतरतंय. संपलेलं नाही.

परवा नावाडी आजारी होता, म्हणून दोर भावानं ओढला. धापा टाकत म्हणाला, "ताई, हा एवढा जड असतो होय?" बाई हसल्या आणि त्यांनीही दोराला हात लावला.

आता माझी बिजागरी सैल झालीय, ओठ नीट मिटत नाहीत. माझ्या जागी दुसरा येईल. येऊ दे. फक्त वरचं पाणी नितळ दिसलं म्हणून खालच्या गाळाची विचारपूस सोडू नका.