म्हशीशेजारी बांधलेली मशीन

मित्रांनो, मी एक जुनी लाकूड कापायची मशीन आहे. ‘जुनी’ हे मी आधीच सांगून टाकते, कारण तेच लपवायला उमाशंकरनं माझ्या अंगावर नारिंगी रंगाचे दोन हात मारले. मला आवडेल का, याचा विचारसुद्धा केला नाही. उमाशंकर म्हणजे लातुरातला, जुन्या मशिनी नीट करून विकणारा दुकानदार. माझ्या हँडलवर हात घासून गुळगुळीत झालेली जागा होती. पोटावर एका चिंचेच्या फांदीचा लांब ओरखडा होता. कष्टानं मिळवलेल्या खुणा होत्या त्या. त्यानं सगळ्या बुजवल्या, वर एक चकचकीत स्टिकर चिकटवलं आणि मला दर्शनी काचेत बसवलं. नातवंडं खेळवायच्या वयात एखादीला हळद लावून बोहल्यावर उभं करावं, तसं मला झालं.

रंगाचं एक वेळ सोसलं असतं. पण दुकान उघडलं की तो मला मागच्या बोळात न्यायचा, दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा, कशीबशी मला सुरू करायचा, चांगली गरम होऊ द्यायचा आणि पुसून पुन्हा काचेत ठेवायचा. मग गिऱ्हाईक आलं की एका हिसक्यात मी सुरू. “बगा, नवीच हाय,” असं म्हणून तो हसायचा. थंड असताना मला किती जड जातं, हे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक. खोटं त्याचं, पण बोलायचं मात्र मी.

माझं आधीचं आयुष्य असं नव्हतं. जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. खोकं उघडलं ते नांदेडला, शंकरप्पा गुत्तेदारांच्या अंगणात. रस्त्यात आडवी आलेली, वादळात पडलेली झाडं तोडून बाजूला करायचा त्यांचा गुत्ता होता. मला चालवायला त्यांनी भुजंग नावाचा माणूस दिला. भुजंग पायात जाड बूट घातल्याशिवाय मला हात लावायचा नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापानं मिसळायचा. आमच्या जातीच्या मशिनीला नुसतं पेट्रोल पाजलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो आणि जागच्या जागी अडकतो, हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी कानस घेऊन तो चेनीच्या एकेका दाताला धार लावायचा, भुसा ब्रशनं झाडायचा. बायकोनं भाकरीला हाक मारली की म्हणायचा, “थांब की, आधी हिचं होऊ दे.”

एकदा वाऱ्यानं चिंचेचं थोराड झाड रस्त्यावर आडवं पडलं. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या, बसमधली माणसं खाली उतरून बघत उभी राहिली. माझ्या पोटावरचा ओरखडा तेव्हाचाच. बुंधा दुभंगला आणि वाट मोकळी झाली, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी भुजंगला नाही, मला हात जोडले. ते मी अजून विसरले नाही.

पुढं भुजंगला हैदराबादेत चांगलं काम मिळालं आणि तो गेला. मग शंकरप्पांच्या मेहुण्यानं मला उचललं. तो कायम घाईत. ऑइल मिसळायला वेळ कुणाला आहे म्हणून त्यानं नुसतं पेट्रोल ओतलं. मी ओरडले, कण्हले आणि भर फांदीत अडकून बंद पडले. त्यानं मलाच शिव्या दिल्या. धर्माबादच्या गोदामात मिरचीच्या पोत्यांमागं माझी रवानगी झाली. मिरचीच्या धुळीत बसून मी गंजत राहिले. कुणी विचारलं नाही. शेवटी भंगाराबरोबर मला लातूरला आणलं आणि उमाशंकरनं विकत घेतलं.

आता त्याची तक्रार केली तशी त्याची बाजूही सांगते. माझ्या आतला पिस्टन त्यानं नवा घातला, रिंगा नव्या घातल्या आणि ते काम असं केलं की भुजंगनंही मान डोलावली असती. पण कार्बोरेटरमधला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा वाळून कडक झाला होता. तो काही त्यानं बदलला नाही. तेवढ्यात त्याला रंगाचा डबा आणि स्टिकर आठवलं. त्यामुळं दोन गिऱ्हाइकं मला घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आपटून गेली. दुसऱ्यानं आपटलं तेव्हा तो म्हणाला, “आता एकदा बगतो. न्हाई खपली तर खोलून पार्ट विकून टाकतो हिचे.”

मित्रांनो, मशीन असले तरी मला भीती वाटते. पिस्टन एकीकडं, चेन दुसरीकडं, मग मी कुठं?

अशा दिवसांत महादेवी अव्वा दुकानात आल्या. शिरूर अनंतपाळच्या बाजूला त्यांचं गाव. घरची शेती, ऊस उभा. वाऱ्यानं बांधावरची मोठी बाभूळ उसाकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर आडवी पडली होती. सोमवारी कारखान्याची तोडणीची टोळी येणार होती. ट्रॅक्टरला आत जायला वाट नसेल तर मुकादम टोळी पुढच्या शेतात नेणार, मग पाळी पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नाही आणि वर्षभर पाणी पाजलेला ऊस रानातच वाळणार. गावात मशीनवाला एकच, तोही बाहेरगावी कामावर गेलेला. नव्या मशिनीएवढे पैसे अव्वांच्या चंचीत नव्हते. म्हणून जुनी.

सोबत त्यांचा मुलगा संगमेश होता. त्याची नजर माझ्या रंगावर खिळली.

“अव्वा, ही बग. कोरी करकरीत दिसायली की.”

“तुझ्या लग्नात तुलाबी समदे असंच म्हणले होते,” अव्वा म्हणाल्या. “हो बाजूला.”

उमाशंकरनं दोरी ओढली. मी लगेच सुरू झाले. संगमेशचा चेहरा खुलला. अव्वांनी मात्र मला बंद करायला लावलं आणि माझ्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या मशिनीवर तळहात ठेवला. ती गार. मग माझ्याकडं बोट दाखवून उमाशंकरला विचारलं, “चालू करायच्या आधीच मी हिला हात लावला होता. तवाच ऊन लागली. कामून?”

“उन्हात ठेवली होती, अव्वा.”

“ऊन तर आजून तुझ्या पायरीवरबी आलं न्हाई.”

उमाशंकर हसला, पण अर्धवट.

अव्वांनी पदर सावरला आणि खुर्चीवर ठाण मांडून बसल्या. हाळीच्या गुरांच्या बाजारातून त्यांनी आयुष्यभर म्हशी आणल्या होत्या. तिथले काही व्यापारी सकाळची धार काढतच नाहीत. कास भरलेली दिसली की गिऱ्हाईक भुलतं. म्हणून अव्वांच्या घरची रीत अशी की पहिली धार बाजारात बघायची, दुसरी आपल्या दारात, आणि मगच पैसे मोजायचे. तोवर नुसता इसार.

“एक धार तू दाखवलास,” त्या म्हणाल्या. “दुसरी माझ्या दारात बगते. हा इसार घे. सकाळी ये, चालू करून दाव, बाकीचे घेऊन जा.”

“अव्वा, ही मशीन हाय. म्हैस न्हाई.”

“म्हैस असती तर तिनं तुला आतापत्तर लाथ मारली असती.”

उमाशंकरनं मनात हिशोब केला असावा. पहाटेच पोचायचं, कुणी उठायच्या आत मला गरम करायचं, झालं. तो कबूल झाला.

आणि मित्रांनो, अव्वांनी मला घरी नेऊन गोठ्यात ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, माझ्या हँडलला दावं लावून म्हशीशेजारच्या खुंट्याला बांधलं. संगमेश लाजला. म्हणाला, “लोकं हसतील की.” अव्वा म्हणाल्या, “हसू दे. ती सुटून चालली न्हाई, पण तिला कोणी सोडायला नको.” म्हैस मला हुंगून गेली. माझा रंग तिलाही आवडला नाही.

पहाटे उमाशंकर मोटारसायकल लांबच बंद करून हळूच गोठ्याकडं आला. आत बघतो तर अव्वा धार काढत बसलेल्या.

“मशीन जरा बगतो, अव्वा.”

“बस तिथं. आधी च्या पी.”

तो बाजेच्या कडेवर बसला. चहा पिताना त्याची नजर चहावर नव्हती. अव्वांनी सावकाश धार उरकली, हात धुतले, दावं सोडलं आणि मला अंगणात आणून ठेवलं. “हं. आता कर.”

त्यानं दोरी ओढली. मी हलले नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. मी जीव एकवटून बघितलं. तुम्हाला वाटेल, खोटं उघडं पडतंय म्हणून मी खूष असेन. छे. मला भंगारात जायचं नव्हतं. पण वाळल्या पडद्यातून पेट्रोलच वर येईना, मी तरी काय करणार? उमाशंकरचा शर्ट पाठीला चिकटला. संगमेश कपाळाला हात लावून बाभळीच्या दिशेनं बघत बसला.

“परत नेतो, अव्वा,” उमाशंकर खाली बघून म्हणाला. “इसार वापस देतो.”

“इसार घेऊन मी वाट मोकळी करू का? हिला खोल. पोटात काय हाय ते बगू दे.”

पोतं अंथरून त्यानं मला खोललं. अव्वा उकिडव्या बसून बघत होत्या. नवा पिस्टन बाहेर आला, तो लख्ख.

“हे कुणी घातलं?”

“मीच.”

“बरं घातलास.” मग त्यांनी बोटानं तो रबरी पडदा दाबला. तो लवला नाही. “अन् हे?”

“ते राहिलं.”

“राहिलं का ठेवलास?”

उमाशंकरनं पडदा बोटांत फिरवला. मग म्हणाला, “खरं सांगू का, अव्वा? गिऱ्हाईक रंग बगतंय. आतलं कोण बगायलंय?”

अव्वांनी संगमेशकडं बघितलं. संगमेशनं जमिनीकडं बघितलं.

“आता कोण बगायलंय ते तुला कळलं,” अव्वा म्हणाल्या. “जा, घेऊन ये. तुझ्या पैशानं.”

तो गेला आणि दुपारपर्यंत पडदा घेऊन आला. ऑइल मिसळून पेट्रोल भरलं. त्यानं दोरी हातात धरली. दोन-तीन हिसक्यांत माझ्या नाकातून निळा धूर निघाला आणि मी सुरू झाले. गार होते, तरी सुरू झाले. म्हैस दावं ओढून फुरफुरली. संगमेश वेड्यासारखा हसायला लागला.

बाभळीचं लाकूड कठीण. दात लावला की आतला तांबूस गाभा दिसतो आणि मशिनीची परीक्षा होते. मी कापत राहिले. आधी फांद्या, मग शेंडा, मग बुंधा. संगमेश दमला की उमाशंकर घ्यायचा. ओंडके ओढायलाही तो थांबला. दिवस मावळायच्या आत गाडीवाट मोकळी झाली. सोमवारी टोळी आली आणि भरलेला ट्रॅक्टर त्याच वाटेनं बाहेर पडला. त्या धांदलीत माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मला ते चाललं.

आता मी अव्वांच्या घरी आढ्याला टांगलेली असते. काम झालं की संगमेश टाकीतलं पेट्रोल काढतो, भुसा झाडतो, चेनीला तेल देतो. तेवढं तो शिकला. रंग बाभळीनं एका दिवसात उडवला, बरं झालं. मित्रांनो, जुनी वस्तू घ्यायला लाजू नका. पण घेताना तिला थंड असताना बघा, पोटात काय आहे ते विचारा. आणि घेतल्यावर तिला तिचं खाणं वेळेवर द्या. आम्ही फार मागत नाही. मापानं ऑइल, धारदार दात आणि कुणीतरी लावलेला मायेचा हात, एवढंच.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ओंडके ओढून झाल्यावर अव्वांनी उमाशंकरला जेवू घातलं आणि ठरलेले पैसे एक रुपयाही न कापता त्याच्या हातावर ठेवले. त्याला हुरूप आला. मोटारसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, “अव्वा, गावात आमच्या दुकानाचं नाव सांगा बरं का.”

“सांगते की,” अव्वा दारातून म्हणाल्या. “हाताला लई गुण हाय म्हणून सांगते. अन् हेबी सांगते, त्याच्याकडं जायचं तर दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसा. तुमच्यासमोर गार मशीन चालू झाली तर घ्या. न्हाई झाली तर त्याच्याच पैशाचा च्या प्या अन् गुमान घरी या.”