नऊची वेळ

नंदकुमार कारखानीसांनी सुई मोसंब्यात मुद्दामच तिरकी खुपसली. सलाईन सालीवरून ओघळून टेबलावर आलं.

"बाहेर गेलं, काका," डॉ. गंधाली म्हणाली.

"हात थरथरतो हो," ते म्हणाले आणि तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी तो जरा थरथरवूनही दाखवला.

गेले सात महिने हेच चाललं होतं. त्यांच्या मांजरीला, चंपाला, मधुमेह झाला होता. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन द्यावं लागे. पार्ल्यातला गंधालीचा दवाखाना दोन खोल्यांचा, पण तिचं एक तत्त्व होतं. जनावर कधीतरी आजारी पडतं, त्याचं माणूस मात्र रोजच घाबरलेलं असतं, तेव्हा आधी माणसाला शहाणं करावं. म्हणून ती प्रत्येकाला स्वतः शिकवायची, आधी मोसंब्यावर, मग जनावरावर. जमलं की कार्डावर हिरव्या शाईने 'शिकले' असं लिहायची आणि मग महिन्यातून एकदा फोन करून चौकशी करायची. पद्धत चांगलीच होती. कारखानीसांच्या मात्र ती मुळावर आली होती.

कारण त्यांना सगळं येत होतं. पत्नीला अकरा वर्षं त्यांनीच सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन दिलं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता दिवसभरात त्यांच्याशी कुणी नीट बोलत असेल, तर ते सकाळी नऊ ते नऊ वीस, या दवाखान्यात. "चंपाबाई, झोप झाली का?" असं गंधाली मांजरीला विचारायची आणि उत्तर कारखानीस द्यायचे. शिकलो तर हे जाणार, म्हणून ते शिकत नव्हते. एका खोट्यामागून दुसरं आलंच. रात्रीचं आणि रविवारचं इंजेक्शन शेजारच्या नर्सबाई देतात, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. शेजारी कुणी नर्सबाई नव्हत्या. तरी सात महिन्यांत त्यांनी या बाईंना सकाळची ड्यूटी, एक मुलगा आणि गुडघेदुखी एवढं सगळं देऊन टाकलं होतं.

त्या मंगळवारी ते चंपाची टोपली घेऊन पोहोचले, तेव्हा आतल्या खोलीचं दार बंद होतं. रिक्षाखाली आलेल्या एका कुत्र्याला टाके घालणं चाललं होतं. बाहेरच्या बाकावर पंचविशीतली एक मुलगी तपकिरी कुत्र्याला मांडीशी धरून बसली होती. हातात भरलेली सिरिंज, आणि डोळ्यांतून पाणी.

"काय झालं गं?"

"डॉक्टरांनी याचं इन्सुलिन भरून दिलंय. म्हणाल्या, माझ्यासमोर देऊन दाखव. तेवढ्यात ही इमर्जन्सी आली." तिने नाक ओढलं. "याचं खाऊन झालंय ना, टाइम जातोय. मला नाय जमत काका. वाट लागलीय माझी."

"आधी डोळे पूस. सुई दिसायला नको का?"

त्यांनी सिरिंज घेतली, टिचकी मारून हवेचा बुडबुडा वर आणला आणि बाहेर काढला. मग कुत्र्याच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलून तिची बोटं तिथे ठेवली.

"हा असा तंबू करायचा. आणि तंबूत सरळ शिरायचं. घाई नाही."

कुत्र्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"झालं?" मुलीने विचारलं.

"झालं."

त्यांनी वर पाहिलं. गंधाली दारात उभी होती, हातात रबरी मोजे तसेच.

कारखानीसांचे कान तापले. ती रागावेल, असं त्यांना वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी लांबलं असतं. पण तिला अगदी मनापासून आनंद झाला होता.

"काका! जमलं की तुम्हाला! आणि किती सफाईने!" तिने मोजे काढून चंपाचं कार्ड शोधलं आणि हिरव्या शाईने लिहून टाकलं. "सुटलात. आता रोज उन्हातून टोपली आणायला नको. मी महिन्याने फोन करीन."

"हो," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चोराला चोरी सापडल्याचं दुःख सांगता येत नाही.

मुलगी त्यांच्याबरोबरच बाहेर पडली. तिचं नाव श्वेता, गाव देवगड. काम अंधेरीच्या ऑफिसचं, पण करायचं घरूनच, लॅपटॉपवर. कुत्रा मैत्रिणीचा होता. मैत्रीण बंगळुरूला गेली आणि कुत्रा राहिला. "बोलायला आता हाच," ती हसत म्हणाली. कारखानीसांनी आपली बिल्डिंग दाखवली. पहिला मजला, अडलीस तर ये, असंही सांगितलं. असं आपण सगळ्यांनाच सांगतो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांनी ओट्यावरच चंपाला इंजेक्शन दिलं. एक मिनिट लागलं. उरलेल्या एकोणीस मिनिटांचं काय करायचं, ते त्यांना कळेना. पेपर वाचून झाला होता. मांजरीला झोपेचं विचारावंसं वाटलं, पण उत्तरही आपल्यालाच द्यावं लागेल, म्हणून विचारलं नाही. घर फार मोठं वाटत होतं.

बेल वाजली. दारात श्वेता, बरोबर कुत्रा.

"काका, मला नाय जमत. आज तुम्हीच द्या ना."

"ये, आत ये. औषधाची बाटली?"

तिने पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपलं. "अय्या, फ्रिजमध्येच राहिली." पण आणायला ती वळली नाही.

कारखानीस गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. एका जागी केस किंचित ओले होते. त्यांनी बोट नाकाशी नेलं. हा वास अकरा वर्षं त्यांच्या घरात होता. औषध देऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नसावीत, आणि जागाही अगदी बरोबर निवडलेली होती.

त्यांनी वर पाहिलं. श्वेता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती, आणि ते मागच्या महिन्याचं होतं.

त्यांनी बोट लेंग्याला पुसलं. "चहा घेशील?"

"चालेल," ती घाईने म्हणाली.

आत जाऊन त्यांनी आधणात आणखी एक कप पाणी ओतलं. मग तिच्याकडे न बघता, तिथूनच म्हणाले,

"उद्या नऊलाच ये. बाटली विसरलीस तरी चालेल."