घरात माणसं किती?

बाभळमाळावर माणसं किती राहतात हे अल्लालाच ठाऊक, असं कुणी म्हटलं की जरिनाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण हा घोळ वस्तीनं स्वतःच्या हातानं घातला होता, आणि त्यात पहिला हात तिचाच होता.

जरिना आणि तिचा नवरा शमशेर कवठे महांकाळहून कुपवाडला आले तेव्हा इथं नुसता मुरमाड माळ होता. चार बाभळी आणि दिवसभर वारा. पलीकडं कारखाने उभे राहत होते, तिथं शमशेरला काम लागलं. मागोमाग आष्ट्याची माणसं आली, मग कर्नाटकातली, अलीकडं बिहारची. ज्यानं त्यानं घरामागं एक खोली काढली, तिच्यावर पत्र्याची दुसरी चढवली आणि भाडेकरू घातले. माळाचं शहर झालं ते असं. पण भाडेकरू दिसले की घरपट्टी वाढते! म्हणून जरिनानंच युक्ती काढली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं माणूस गल्लीत शिरलं, की पोरांनी घरोघर पळत "पाहुणे आले!" म्हणून ओरडायचं. लगेच मागच्या खोल्यांना बाहेरून कुलपं, भाडेकरूंची पोरं पत्र्यावर. घरात माणसं किती असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "आमी दोघंच, म्हातारा-म्हातारी."

युक्ती लय चालली. इतकी चालली की कागदावर वस्ती ओसाडच राहिली. नळाला पाणी आलं ते करंगळीएवढं, आणि दवाखाना गेला शेजारच्या वॉर्डात. लोक साहेबांच्या नावानं बोटं मोडायचे. जरिनाही मोडायची, पण आत कुठंतरी टोचायचं.

यंदा मात्र अगदी गळ्याशी आलं. नात कशिश सातवी पास झाली आणि वस्तीतली शाळा तिथंच संपली. तिचा बाप झिशान म्हणाला, "अम्मी, हायवे ओलांडून, दोन रिक्षा बदलून मी पोरीला धाडणार न्हाई. शिकली तेवढी बास." पोरगी रडून रडून सुजली. तेवढ्यात शाळेतून कळलं, की वस्तीत पुरेशी पोरं दिसली तर आठवीचा वर्ग इथंच निघेल. शाळा सोडून बसलेली, भाडेकरूंची, सगळी धरायची होती. मोजायला सांगलीहून अपूर्वाबाई येणार होत्या, रविवारी.

जरिनानं दारं झिजवली. शेजारची सुलाबाई काही केल्या बधेना.

"आवं भाबी, शाळेचं नाव सांगून घरपट्टीवालाच आला तर? मग आमी काय करायचं?"

"तर माझ्या तोंडाला काळं फास. पण या खेपेला पोरं दाखव गं बाई, तुझ्या पाया पडते!"

सुलाबाईनं नाक मुरडलं, पण हो म्हणाली. हळूहळू सगळी गल्ली हो म्हणाली. कशिशला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरीला उगाच आशा लावायची आणि वर्ग निघालाच नाही तर?

अपूर्वाबाई शनिवारीच आल्या.

जरिना बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. संध्याकाळी परतली तर गल्ली चिडीचूप आणि मागच्या खोल्यांना कुलपं. सुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"धन्य हाय भाबी तुमची! आमाला म्हणता पोरं दाखवा, आन तुमचीच कशिश दारोदार 'पाहुणे आले' करत पळती! आमाला वाटलं, तुमाला कायतरी वास आला असंल. घातली की सगळ्यांनी कुलपं! ती बाई आत्ताच स्टॉपकडं गेली."

जरिना तशीच पिशवीसकट रिक्षा स्टॉपवर धावली. अपूर्वाबाई रिक्षात बसत होत्या. कपाळ उन्हानं लाल झालेलं.

"बाई, थांबा! इथं लय पोरं हायत. चला, दाखवते."

"आजी, मी एकूण एक दार वाजवलंय. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. माहिती मोबाईलवरून पाठवून पण झाली."

"लोकं खोटं बोलली वो! घरपट्टीला भ्याली."

"मग आता तुम्ही खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

रिक्षा गेली. जीव इतका जळला की वाटेतला दगड उचलून स्वतःच्याच डोक्यात घालावा असं तिला वाटलं.

दारात कशिश उभी होती, तोंडभर हसत.

"दादी, एकपण पोरगं दिसू दिलं न्हाई मी! सगळ्यांना पत्र्यावर चढवलं."

"आन तू? तुला तरी बघितलंच असंल की त्यांनी."

"व्हय. विचारलं, तू कितवीत गं? मी म्हणलं, मी इथली न्हाईच. पाहुणी हाय, सुट्टीला आलीय. उद्या जाणार."

जरिनाचा हात उठला. साऱ्या गल्लीच्या पाया पडली, आणि घरच्या पोरीला दोन शब्द सांगायचे राहिले! पोरीचं हसू मावळलं.

"दादी, चुकलं का माझं?"

हात खाली आला. जरिना उंबऱ्यावरच बसली.

"न्हाई गं," ती म्हणाली. "मी शिकवलं, तसंच केलंस."