संडे टोकियो बचाव कृती समिती

...आणि शेपटी नव्हती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, गेली बारा वर्षं बसलेल्या त्या केशरी बुलबुलला आज शेपटी नव्हती — नागेंद्रनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला, टीव्हीजवळ जाऊन काच पुसली, तरी शेपटी आली नाही. नुसतं गोल अंग आणि चोच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तो सत्तावीस वर्षं ओतीव भाग तपासतो आहे, केसाएवढी चीर त्याच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा शेपटी गेली म्हणजे गेली. रविवारचे अकरा वाजायला सात मिनिटं होती. त्यानं फोन उघडला, तर चारशे बारा लोक आधीच शेपटीवर बोलत होते.

बुलबुल हे वाहिनीचं नाव. तिच्यावर दर रविवारी अकरा ते एक जपानी अ‍ॅनिमे मालिका लागतात, त्या दोन तासांचं नाव संडे टोकियो. बुलबुलची कंपनी आता दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार, आणि त्या मोठ्या कंपनीकडे मुलांच्या दोन वाहिन्या आधीच आहेत, त्यामुळे कुणीतरी जाणार हे नक्की — कोण, कधी, हे मात्र सांगायला कुणी तयार नाही. म्हणून हे चारशे बारा लोक. समूहाचं आधीचं नाव नुसतं 'टोकियो फॅन्स' होतं. ते बदलून 'संडे टोकियो बचाव कृती समिती' हे नाव नागेंद्रनं सुचवलं, कारण सीमाभागातल्या येळ्ळूरसारख्या गावात चारपेक्षा जास्त माणसं एका गोष्टीवर चिडली की त्यांची कृती समितीच होते, दुसरं काही होऊ शकतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

शेपटी कापली म्हणजे खर्च कापला, असं नागपूरची एक मुलगी म्हणत होती. नव्या कंपनीच्या चिन्हातला मासा आहे ना, त्याची शेपटी आता ह्याला बसवणार, असं कुणी सुरतेचा म्हणत होता. इंदूरच्या 'सेन्सेई नाइन'चा मावसभाऊ कंपनीच्याच इमारतीत कामाला होता... वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या कचेरीत, पण लिफ्ट एकच. आणि लिफ्टमध्ये शुक्रवारी दोघं सुटाबुटातले 'संडे' असा शब्द बोलले होते. त्यावर दोनशे संदेश. ते सुट्टीबद्दल बोलत असतील, असं लिहावं असं नागेंद्रच्या मनात आलं, पण लिहिलं नाही. कुणाच्या आशेत पाणी ओतू नये हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं — देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी पेपर पसरून सीमाप्रश्नाच्या तारखा वाचायची, आणि तारीख पडली तर बरंच, कारण प्रश्न जिवंत आहे, आणि तारीख पुढं गेली तर आणखी बरं, कारण समोरचे घाबरलेत. शेंबडा होता तेव्हापासून तो हे ऐकत आला. आता केस पिकले, आणि तेच कट्टेवाले चारशे बारा होऊन त्याच्या खिशात येऊन बसले.

"लागलं काय रं तुझं?" खुर्चीतून मारुतीरावांनी विचारलं. वडील एकोणऐंशीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण रविवारी टीव्हीसमोरची खुर्ची त्यांचीच. "लागंल आता." "रिमोट नीट दाब. मागं कानडीत लागलतं. त्यांच्याच भाषेत लाव. जपान्यांचं आन् आपलं काय वाकडं न्हाय."

महिन्यापूर्वी समितीनं नागेंद्रला कंपनीला पत्र लिहायला सांगितलं. पोरांना वाटलं, दोन ओळींचा मेल जाईल. नागेंद्रनं बसून निवेदन लिहिलं — विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. खाली सात मागण्या, आठवी 'वरील मागण्या मान्य न झाल्यास लोकशाही मार्गाने...', तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून चौघांची नावं. आपण हे कुणाकडून शिकलो ते वेगळं सांगायला नको. वडिलांनी ऐकून एकच प्रश्न विचारला होता, ते कुठल्याही कागदाबद्दल हाच एक प्रश्न विचारतात : "पोच घेतलास?" पोच आली होती. मिनिटाच्या आत, यंत्रानं पाठवलेली — आपण ज्या विभागाशी संपर्क साधला तो विभाग आता अस्तित्वात नाही, आपल्या संयमाबद्दल आभार. नागेंद्रनं ती छापून फायलीत लावली. नंतर चार दिवस त्याचं टाळकं सणकलेलं होतं, आणि फाउंड्रीत त्यानं एक अख्खा लॉट परत पाठवला, ज्यात फारसं काही वाईट नव्हतं. नाही म्हणा, नाही तर हो म्हणा — पण नसलेल्या खात्यानं माझ्या संयमाचे आभार मानायचे म्हणजे...

आणि खरं तर मला मालिकेतल्या त्या कुरोचं काय. एकावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, जपानी पोराच्या तलवारीची काळजी करत बसलेला माणूस मी. कुरो सात दरवाजांचा किल्ला चढतो आहे, सहावा दरवाजा उघडायला त्याला बावीस रविवार लागले, सातव्यासमोर तो गेले पाच रविवार नुसता श्वास घेत उभा आहे. ही गोष्ट चांगली आहे असं शपथेवर सांगता येणार नाही. पण पोरगी, तेजस्वी, आठवीत असताना ह्याच चटईवर, चुरमुऱ्यांची परात मध्ये ठेवून, दोघं ती बघायला लागली, आणि चार वर्षांपूर्वी बंगळूरला नोकरी लागून ती निघाली तेव्हा बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "पप्पा, मी तिकडं बघते, तुम्ही इकडं बघा, ब्रेकमध्ये बोलू." तेवढंच त्यांचं बोलणं. आईला, रचनाला, ती रोज फोन करते — ताप, खोलीतली मैत्रीण, आलेलं स्थळ, नको असलेलं स्थळ. फोन नागेंद्रच्या हातात आला की 'मग?' आणि 'मग काय?' एवढ्यावर दोघंही येऊन थांबतात, दोघंही तशी सज्जन. रचनाला ती आपला ताप सांगते, आणि मला कुरोला लागलं ते सांगते... पण सांगते. रविवारी, ब्रेकमध्ये. ते दोन तास गेले तर तिच्याशी कुठल्या विषयावर बोलायचं, ह्यावर कुठलं निवेदन कुणाला द्यायचं?

अकरा वाजले. भेंडी आली.

म्हणजे पडद्यावर एक बाई आली, हातात हिरवं यंत्र, आणि एका दाबात बारा भेंड्या चिरून दाखवू लागली. नागेंद्र थांबला. मालिका उशिरा लागते कधी कधी. बाईनं कांदा चिरला, गाजर चिरलं, मग यंत्र उलटं करून परत भेंडी. अकरा वीस. त्यानं भरमू केबलवाल्याला फोन लावला, भरमू म्हणाला, "आण्णा, वरनंच भेंडी यायल्या. मी काय करू? असंल तवर दावतो, गेलं की दुसरं दावतो." समितीत आग लागली होती. इंदूरला भेंडी, सुरतेला भेंडी, बंगळूरच्या एकानं तर पडद्याचा फोटोच टाकला होता, कन्नडमधली भेंडी. संपलं, असं कुणीतरी लिहिलं. नाही, तांत्रिक आहे, लिफ्ट बंद आहे आज, उद्या कळेल, असं सेन्सेई नाइननं लिहिलं.

अकरा बेचाळीसला तेजस्वीचा संदेश आला.

'पप्पा, उघडलं की हो सातवं दार. आणि आत काय, तर रिकामी खोली. लई चिडला असाल ना तुम्ही?'

त्यानं वाचलं. पडद्यावर बघितलं. बाई आता मुळा चिरत होती. बंगळूरला वेगळं लागत असेल... पण बंगळूरचा फोटो तर समोरच होता. त्यानं अंगठ्यानं तिचे जुने संदेश मागं, मागं सरकवले — अकरा बेचाळीस, अकरा अठ्ठावन्न, बारा चाळीस. दर रविवारी, ब्रेकच्या मिनिटाला, कधी लवकर नाही, कधी उशीर नाही, माणूस टीव्ही बघत असला की कधीतरी चहाला उठतो, ही कधीच उठली नव्हती. आणि मग जून महिना आठवला. बासमतीचं पोतं खांद्यावर घेऊन तो तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेला होता : दोन कॉट, एक टेबल, कपड्यांची दोरी. टीव्ही आतल्या खोलीत असेल, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला. आतली खोली नव्हतीच. चीर दिसली नाही असं नाही. दिसली, आणि पास केली.

म्हणजे गोष्ट तिला कधीच सगळी ठाऊक झालेली असणार, फोनवर बघून, कुठल्या तरी सोमवारी बसमध्ये, आणि तेव्हापासून वेळापत्रक बघून ती रविवारी घड्याळ लावून बसते आहे... जे वाचवायला मी निवेदन लिहिलं ते तिच्यासाठी नुसतं काम होतं की काय? भेंडीवालीनं आज तिची सुटका केली आणि तिला पत्ताच नाही?

"काय म्हणतीया पोरगी?"

"दार उघडलं म्हणतीया."

मारुतीरावांनी पडद्याकडे तोंड केलं. "हितं तर मघाधरनं कायतरी कापायल्यात," ते म्हणाले. "मग ती कुठलं दार बघतीया?"

वडिलांचे डोळे अधू झाल्यापासून रोज सकाळी नागेंद्रच त्यांना पेपर वाचून दाखवतो, आणि सीमाप्रश्नाची बातमी आली की शेवटी एक वाक्य आपल्या पदरचं घालतो. 'जाणकारांच्या मते निकाल लवकरच अपेक्षित.' असं काहीतरी, छोटं. सहा वर्षं.

"तुझ्या पेपरात बी उघडतंयच की दार," मारुतीराव म्हणाले, अजून पडद्याकडेच तोंड. "दुपारी मष्णू वाचतोय कट्ट्यावर, तोच पेपर. त्याच्यात शेवटचं वाक्य नसतंय."

"आप्पा..."

"म्हणून वाचू नको म्हटलोय व्हय कधी?"

बाई पुन्हा भेंडीवर आली होती. नागेंद्रनं 'इथं तर आज' असं लिहिलं, आणि खोडलं. 'तुझ्याकडे टीव्ही' असं लिहिलं, तेही खोडलं. मग, निवेदनात सात मागण्या लिहिणाऱ्या त्याच बोटानं, हळूहळू : 'लई चिडलो. रिकामी खोली काय दाखवतात. तुला काय वाटतं, पुढं काय असेल?'

संदेशाखालच्या खुणा निळ्या झाल्या. ती लिहू लागली, थांबली, पुन्हा लिहू लागली. खाली समितीत बासष्ट संदेश साचले होते, कुणीतरी सोमवारी नक्की निर्णय येणार असं लिहिलं होतं, त्यावर टाळ्या पडत होत्या... आणि नागेंद्र, ज्याच्या घरात तीन पिढ्या निकाल लवकर लागावा म्हणून बसून आहेत, तो आज मनातल्या मनात, कुणाला पोच न मागता, तारीख पुढं ढकलून मागत होता.